कारटेपच्या खोक्यावरचे 50 वॅट

दुकानातल्या कारटेपच्या खोक्यावर ‘50 वॅट × 4’ असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून माणसं गाडीसोबत आलेला चांगला चालू टेप काढून टाकायला निघतात. साखरखेर्ड्यात माझ्याकडे गाडी आणणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य तेच असतं, ‘काका, टेपच बदलून टाका.’ मी आधी त्यांना कागदावर हिशोब मांडून दाखवतो.

इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास वीज असते. टेपच्या पोटातली आवाज वाढवणारी आयसी तेवढ्यावरच चालते, त्याच्या वर ती जाऊच शकत नाही. स्पीकर 4 ओहमचा. आवाजाची लाट स्वच्छ ठेवून 14 व्होल्टच्या टोकापर्यंत नेली, तरी जेमतेम 24-25 वॅट निघतात. त्यातलं थोडं आयसीतच जातं. हाती येतात 18 ते 20. मग 50 आले कुठून? 14 गुणिले 14 म्हणजे 196, भागिले 4, झाले 49. लाटेचा माथा आणि तळ कापून तिची चौकट केली की हा आकडा येतो. त्या वेळी स्पीकरमधून गाणं येत नाही, खरखर येते. नवा टेप घेतला तरी वीज तीच आणि आयसीची जात तीच. आवाज होता तिथेच राहतो, पैसे मात्र जातात. माणसाच्या घामाच्या पैशाला असा आकडा दाखवणं मला फसवणूक वाटते.

आमच्या भागाला याची झळ जास्त लागते. सिंदखेडराजाला किंवा मेहकरला समृद्धी महामार्गावर चढलं की खाली काँक्रीट आणि वेगाची मुभा ताशी 120 किलोमीटरपर्यंत. टायरची घरघर आवाज गिळते, म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि नेमका तिथेच टेपचा आवाज फाटतो. साखरखेर्डा हे प्रल्हाद महाराजांचं गाव, इथला माणूस गाडीत कीर्तन लावतो, भजन लावतो. बुवांचा सूर वर गेला की तो चिरकतो. पखवाजाची कणीक लावलेली बाजू घुमायच्या ऐवजी नुसती थापटल्यासारखी वाजते. मी पूर्वी माईकसेट लावायचो. कीर्तनात मागच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळला पाहिजे, हा तेव्हाचा दंडक मला गाडीतही सोडवत नाही.

उपाय महागडा नाही. कंपनीचा टेप राहू द्यावा. स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा त्यालाच जोडलेले असतात. सीटखाली 4 चॅनलचा, खरे 40-50 वॅट देणारा छोटा अँप्लिफायर बसवावा. त्याच्या आत 12 व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारी व्यवस्था असते, म्हणून टेपला न जमणारं काम त्याला जमतं. मात्र स्पीकरच्या तारा थेट घेता येतील, म्हणजे ‘हाय लेव्हल इनपुट’ असेल, असाच घ्यावा. शक्य तिथे मूळ वायरिंग न कापता कपलर लावावा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. नावाजलेल्या कंपनीचा असा अँप्लिफायर सहा-सात हजारांच्या आसपास मिळतो.

काटकसर कुठे करू नये, तर वायरमध्ये. असा अँप्लिफायर पूर्ण जोरात 20-25 अँपिअर ओढतो. त्याला बॅटरीपासून थेट 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास तांब्याची म्हणून खपवतात. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत करा. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज हवाच. अँप्लिफायरला स्वतःचा फ्यूज असतो, पण वाटेत वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तो काही कामाचा नाही. 1 जुलै 2023 ला आमच्याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर बस पेटून 25 माणसं गेली. तिथलं कारण वेगळं होतं, पण पेटलेल्या गाडीतून बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, हे आम्हाला कोणी सांगायला नको. फ्यूजवाचून मी गाडी सोडत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

अर्थिंगही तसंच. रंगावर बोल्ट आवळला की एक्सलरेटरसोबत चढणारी शिट्टी स्पीकरमधून सुरू होते. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून मगच तार कसावी. आणि अँप्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. टेपचा व्हॉल्यूम पाऊण भागापर्यंत नेऊन, चिरक ऐकू येईल तिथून थोडं मागे येऊन ते ठेवायचं, नंतर त्याला हात लावायचा नाही.

आता मागणी. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने गाडीच्या अँप्लिफायरसाठी सीईए-2006 नावाचं मानक केलेलं आहे. 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि 1 टक्क्याच्या आत विकृती, अशा अटींवर मोजलेले वॅटच त्यात धरतात. काही खोक्यांवर तो शिक्का असतो. आपल्याकडच्या दुकानदाराने निदान बिलावर एवढं लिहावं: दर चॅनलला आरएमएस, म्हणजे खरे वॅट किती, किती ओहमवर, आणि वायर तांब्याची की मुलाम्याची. चिखली, मेहकर, जालना, जिथे घ्याल तिथे या तीन गोष्टी लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवून शेजारच्या दुकानात जा.