मठवासी निष्क्रिय होते काय?

बायझँटाईन मठ म्हणजे आळस व अंधश्रद्धा यांचीं माहेरघरें, असा शेरा इतिहासकार गिबनपासून अनेकांनीं मारला आहे. आम्हांस तो सर्वथा अमान्य आहे. इ. स. ८१५ मध्यें सम्राट पांचव्या लिओनें ख्रिस्त व संत यांच्या चित्रांच्या पूजेस पुन्हां बंदी केली, तेव्हां अनेक बिशपांनीं मान तुकविली. कॉन्स्टँटिनोपलच्या स्टूडिऑस मठाचा अधिपति थिओडोर मात्र हद्दपारी व फटके सोसूनही नमला नाहीं. धर्मसिद्धांत ठरविणें हें राजाचें काम नव्हे, हा त्याचा आग्रह. त्याच्या मृत्यूनंतर, ८४३ मध्यें, चित्रपूजा पुनः प्रतिष्ठित झाली. त्याच मठाचे नियम अकराव्या शतकांत कीव्हच्या गुहामठानें स्वीकारले. राजाज्ञेपुढें वांकले ते कर्ते, आणि ताठ उभे राहिले ते निष्क्रिय, हा कोठला न्याय?