बाळाच्या मेंदूवर दुकान मांडू नका!

हल्ली कुठल्याही बारशाला जा, एक तरी खोकं असं येतंच. आत काळ्या-पांढऱ्या चित्रांचे पत्ते, नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचा कापडी ससा, आणि वर मोठ्या अक्षरांत 'ब्रेन डेव्हलपमेंट'. हे घेतलं नाही तर आपलं बाळ मागे पडेल, ही भीतीही त्या खोक्यातूनच नव्या आईच्या घरात शिरते. मला खुपते ती ही भीती. पत्ते नाही खुपत.

कारण पत्त्यांमागचं शास्त्र खरं आहे. आमच्या वयाची मंडळी लगेच नाक मुरडतात. "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही, वाढली नाहीत का पोरं?" त्यांनीही जरा थांबावं. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच दिवसांहूनही लहान बाळं होती. साध्या रंगीत चकतीपेक्षा काळ्या-पांढऱ्या आकृत्यांकडे ती जास्त वेळ बघत राहिली. त्या आकृत्यांत एक चेहऱ्याचं चित्र होतं, एकात एक वर्तुळं होती आणि चक्क छापील वर्तमानपत्राचा तुकडाही होता!

नवजात बाळाची नजर अजून घडत असते. वीतभर-सव्वा वीत अंतरावरचं त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं. फिकट रंगांमधला फरक कळत नाही, ठळक कडा मात्र कळतात. म्हणजे ती फिकट गुलाबी-आकाशी खेळणी आपण आपल्याच हौसेसाठी आणतो. तीन-चार महिन्यांत बाळाला रंगही चांगले कळू लागतात, मग या पत्त्यांचं काम संपतं.

पण फँट्झने दाखवलं ते इतकंच, की बाळ बघतं आणि त्याला फरक कळतो. बघितल्याने ते हुशार होतं, असं त्या प्रयोगात कुठेच नाही. ती उडी दुकानदाराची!

दोन-तीन महिन्यांच्या या खेळासाठी पांढरा पुठ्ठा आणि काळं मार्कर पुरतं. दोन बोटं रुंद पट्टे काढा, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढा. बाळ जागं आणि खुशीत असताना वीतभर अंतरावर धरा, हळूहळू बाजूला न्या. त्याने तोंड फिरवलं की पुरे. पुठ्ठा पाळण्यात ठेवू नका, दोरीने टांगू नका. आणि तीन महिन्यांचं होऊनही बाळ नजरेने माग घेत नसेल तर दुसरे पत्ते आणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

खरं तर सगळ्यात चांगलं खेळणं घरात आहेच. काळे केस, कपाळावरची टिकली, डोळ्यांची काळी बुबुळं. आईचा चेहरा दूध पाजताना नेमका त्याच अंतरावर असतो. तो हलतो, हसतो, आणि बाळाने हुंकार दिला की उत्तर देतो. कुठला पत्ता उत्तर देतो?

बॅटरीच्या खेळण्यांचं तर उलटंच आहे. २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे आई-बाप अशा २६ जोड्या पाहिल्या. दिवे लागणारी, गाणारी खेळणी हातात असली की पालक कमी बोलत. पुस्तक असलं की जास्त. खेळणं बोलू लागलं, माणूस गप्प झाला. मोबाइलवर नाचणाऱ्या काळ्या-पांढऱ्या आकृत्यांबद्दल वेगळं काय सांगू? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच.

तेव्हा घरच्या वाचकांनो, पुढच्या बारशाला खोकं आणू नका. दोन तास मोकळे ठेवून या. बाळाला मांडीवर घ्या, त्याच्याशी मराठीत भरपूर बोला. तेवढ्यात त्याच्या आईची अंघोळ होईल, एक झोपही होईल. 'ब्रेन डेव्हलपमेंट' म्हणतात ते हेच.