शंभर टक्क्यांचे गणित

दहावीचा निकाल लागला, की आमच्या धाराशिवात विजेच्या खांबांना बहर येतो. एकेका खांबावर दोन-दोन फलक, फलकावर पंधरा-वीस हसरे चेहरे आणि त्यांच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत 'निकाल १०० टक्के'. पेढ्यांचा खप वाढतो, आणि त्याच सुमारास कोणी ना कोणी पालक मला बाजारात गाठून विचारतात, "सर, पोरीला आठवीला कुठं घालावं? जिल्हा परिषदेच्या प्रशालेत, का एखाद्या संस्थेच्या शाळेत?" मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा गावातल्या साऱ्या शाळांची कुंडली माझ्या खिशात असणार, अशी त्यांची भाबडी समजूत! प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात एका मुलीची तीन वर्षे गुंतलेली असतात.

'प्रशाला' हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना थोडा कोड्यात टाकील. तिकडे हायस्कुले मुख्यत्वे खासगी संस्थांनी काढली. आमच्याकडे निजामाचे राज्य होते, हायस्कूल म्हणजे सरकारी कारखाना, आणि त्याचे माध्यम उर्दू. मराठीतून शिकण्याची सोय लोकांनी आपल्या हिमतीवर करायची. आमच्या जिल्ह्यातील हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली, ती अशाच हिमतीतून. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. सरकारी हायस्कुले त्यांच्या हाती गेली, म्हणून येथे जिल्हा परिषदेच्या प्रशाला पुष्कळ. त्यांच्या शेजारी संस्थांच्या अनुदानित शाळा, आणि अलीकडे स्वयंअर्थसहाय्यित शाळा. पालकाने निवडायचे कसे? तो फलकाकडे पाहतो. दुसरे काही त्याला दिसतच नाही.

तर आधी या फलकाचेच गणित मांडून पाहू. समजा, एका शाळेत आठवीला ४० मुले होती. तीन वर्षांनी त्यांतली २४ दहावीला बसली आणि २४ उत्तीर्ण झाली. निकाल १०० टक्के! दुसऱ्या शाळेत आठवीला १२० होती, त्यांतली ११० परीक्षेला बसली आणि ९९ उत्तीर्ण झाली. निकाल ९० टक्के, म्हणजे फलक नाही आणि पेढेही नाहीत. आता आठवीपासून मोजा. पहिल्या शाळेने १०० पैकी ६० मुले तडीस नेली, दुसरीने साडेब्याऐंशी. यात कोणी गाव बदलले असेल, कोणी मध्येच दाखल झाले असेल, ते मान्य. पण वाटेत गळालेल्या सोळांची चौकशी फलक करीत नाही. फलकावर जागाच नसते.

गळतीला वाटाही अनेक आहेत. नववीत ढकलत-ढकलत आलेल्या मुलाच्या वडिलांना बोलावून, "याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, तेच बरं," असा गोड सल्ला दिला जातो. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या खात्यात पडत नाही. तो नापास झाला तरी शाळा पासच! सगळ्याच शाळा असे करतात असे मुळीच नाही. पण अशी पळवाट आहे, हे पालकाने जाणून असावे.

आणि काही मुले शाळेने गाळलेली नसतात, परिस्थितीने उचललेली असतात. आपण दिवाळीचा फराळ करीत असतो, त्याच दिवसांत आमच्या भागातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, भांड्यांवर म्हातारी आणि म्हातारीच्या मांडीवर पोर. थोरली बहीण नववीत असली, तर धाकट्याला सांभाळायला तिलाही जावे लागते. ती परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा दाराशी उभी असते. अशा मुलींना आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात थांबवून घेणारी, त्यांच्यासाठी आई-बापांची समजूत घालणारी शाळा ७५ टक्के निकाल लावील. सुखवस्तू वस्तीतली, घरोघरी शिकवणी असलेली शाळा ९८ टक्के लावील. यांत अधिक शिकवले कोणी?

हा घोळ आमच्यापुरताच नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल आला. मुलांच्या यशापयशावर शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव फार, असे त्यात निघाले. इंग्लंडात १९९२ पासून शाळांचे निकाल क्रमवार प्रसिद्ध होऊ लागले. पुढे त्यांनाही उमगले, की यातून शाळेपेक्षा वस्तीच कळते. म्हणून अकराव्या वर्षी मूल कोठे होते आणि सोळाव्या वर्षी कोठे पोचले, याचा हिशेब धरू लागले. शेजारच्या वेल्सने तर २००१ सालीच अशा याद्या बंद केल्या. मूल किती उंच आहे हे पाहू नये, शाळेत आल्यापासून किती वाढले ते पाहावे, एवढाच याचा अर्थ. आपल्या आजीबाईंना तो ठाऊक होता.

मग पालकाने करावे काय? माझे उत्तर साधे आहे. फलक वाचून झाला, की शाळेत जावे, आणि तेही चालू तासाच्या वेळी. मुख्याध्यापकांना विचारावे: तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती, आणि यंदा दहावीला किती बसली? गणित आणि इंग्रजी शिकवणारे त्याच विषयांचे आहेत का, की जागा रिकामी असून चित्रकलेचे मास्तर वेळ मारून नेतात? प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारावे. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे आईने स्वतः पाहावे. अर्ध्या तासात जे कळेल, ते दहा फलकांतून कळणार नाही.

हे सारे मी तळमळीने लिहितो, याला कारण आहे. १९८२ साली लातूर जिल्हा आमच्यापासून वेगळा झाला आणि शिक्षणात पुढे गेला. आज आईच्या घरची मुले लेकीच्या घरी शिकायला जातात! ज्यांना परवडते ते दहावी होताच लातूर गाठतात. काही तर आठवीलाच. त्यांना बोल लावता येत नाही, आपल्या लेकराचे भले कोणाला नको? परंतु चौकशी करणारे, तक्रार करणारे, सभेत उभे राहून "गणिताचे मास्तर केव्हा येणार?" असे विचारणारे पालकही त्यांच्याबरोबर निघून जातात. मागे उरतात ती ऊसतोडीच्या बिऱ्हाडांतली मुले. त्यांच्या वतीने विचारणारे कोणी नसते, आणि वर्ष-वर्ष जागा रिकामी राहते.

म्हणून, वाचकहो, आपले मूल कोणत्याही शाळेत असो, सहामाहीची सुटी संपली की घराजवळच्या प्रशालेतही एकदा डोकावा, आणि रिकाम्या जागेबद्दल विचारा. तेथे आपले कोणी शिकत नसले तरी विचारा.