गदिमांची बालगीते : एक उपेक्षित संहिता

ग. दि. माडगूळकरांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार करताना अभ्यासक 'गीतरामायणा'पाशी येतात, तेथून चित्रपटगीतांकडे व पटकथांकडे वळतात, 'जोगिया'ची नोंद घेतात. बालगीतांपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. फार तर 'लहान मुलांसाठीही त्यांनी गोड गीते लिहिली' असे एखादे वाक्य येते. 'गोड' हे विशेषण मराठी समीक्षेत बहुधा विचार थांबविण्यासाठीच वापरले जाते. महाराष्ट्रातील कोट्यवधी मुलांच्या कानांवर पडलेली पहिली कविता ज्याची, त्या कवीबाबत हे घडावे, ही अनास्था तपासून पाहण्याजोगी आहे.

सातारा-सांगलीच्या अभ्यासकांना तर ती अधिकच टोचायला हवी. १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे जन्मलेल्या गदिमांचे बालपण व शिक्षण माडगूळ, आटपाडी, कुंडल आणि औंध या परिसरात झाले. ही गावे तेव्हा औंध संस्थानाच्या विखुरलेल्या मुलखाची अंगे होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परिणामी औंध सातारा जिल्ह्यात राहिले, आटपाडी-कुंडल सांगलीत गेले. मॅट्रिकला गणिताने दगा दिल्यावर गदिमा कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत शिरले. तेथे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी केलेले काम आणि पुढे शाहीर शंकरराव निकमांसाठी रचलेले पोवाडे, या दोन टोकांमध्ये त्यांची भाषा घडली. त्या भाषेची सर्वांत सुटसुटीत रूपे बालगीतांत दिसतात.

या गीतांविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की ती मागणीनुसार लिहिलेली आहेत. आधी प्रसंग, मग चाल, शेवटी शब्द. मग स्वतंत्र निर्मिती ती कोणती? हा आक्षेप मान्य करायचा तर अमेरिकन बालसाहित्यातील एक ठळक नावही बाद करावे लागेल. 'डॉ. स्यूस' या नावाने लिहिणारे थिओडोर गायझेल (१९०४-१९९१) जाहिरातींच्या चित्रकामातून पुढे आले. त्यांचे 'द कॅट इन द हॅट' (१९५७) हे पुस्तक प्रकाशकाने हाती दिलेल्या शब्दयादीच्या बंधनात लिहिले गेले. त्यात एकूण २३६ भिन्न शब्द आहेत. त्या बंधनातूनच त्याची लय जन्मली. त्यांना १९८४ साली पुलित्झर समितीने विशेष गौरवपत्र दिले. पुढे २०२१ साली त्यांच्याच सहा पुस्तकांतील वर्णभेदी चित्रणामुळे ती पुस्तके छापणे हक्कधारक संस्थेने थांबविले. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. लोकप्रिय बाललेखकाचा गौरव करणे आणि त्याची झाडाझडतीही घेणे, ही दोन्ही कामे तेथे झाली. गदिमांच्या बालगीतांच्या वाट्याला यांपैकी एकही आलेले नाही.

'एका तळ्यात होती' हे गीत घ्यावे. त्याचे मूळ हान्स अँडरसनच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या कुरूप पिल्लाच्या कथेत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. रूपांतर करताना काय गाळले, हे क्वचितच कोणी पाहतो. अँडरसनकडे मोठी भटकंती आहे, म्हातारीच्या घरातली मांजर व कोंबडी आहे, गोठवणारा हिवाळा आहे. शेवटी पिल्लाला पाण्यात स्वतःचे रूप दिसते खरे, परंतु इतर हंस त्याला जवळ घेतात आणि काठावरची मुले त्याच्या सौंदर्याची ग्वाही देतात. गदिमांनी हे सर्व काढून टाकले. त्यांच्या गीतात बोट दाखवून हसणारे लोक आहेत, टोचणारी भावंडे आहेत. पण शोधाच्या क्षणी पिल्लू एकटे आहे. ते चोरून पाण्यात पाहते आणि त्याचे त्यालाच कळते. बाहेरची कोणतीही साक्ष तेथे नाही. ही काटछाट केवळ गीताच्या लांबीपायी झाली असे म्हणणे सोपे आहे; परंतु नेमकी साक्षच गळावी, यामागे कवीची दृष्टी दिसते. शिवाय गीताची चाल आनंदकंदाच्या वळणाची. पंडिती छंदोरचनेत मुरलेले हे वृत्त तीन-चार वर्षांची मुले बिनचूक म्हणतात, आणि पदव्युत्तर वर्गात छंदःशास्त्र शिकविताना हे उदाहरण फळ्यावर येत नाही!

याच गीताची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. श्रीनिवास खळे यांच्या संगीतात, जन्माने सांगलीच्या आशा भोसले यांच्या आवाजात, १९५२ साली हे गीत श्रोत्यांपुढे आले. त्याच्यासोबत 'गोरी गोरी पान'ही आले. एका गीतात रूपावरून हिणविल्या गेलेल्या जिवाची वेदना, दुसऱ्यात वहिनी हवी ती गोरीच, असा धाकट्या भावंडाचा लडिवाळ हट्ट. दोन्ही एकाच लेखणीतून. अधिक बारकाईने पाहिल्यास पहिल्या गीताची सुटकाही पूर्ण नाही. पिल्लाचे दुःख संपते ते राजहंस निघाल्यामुळे. कुरूप बदकच निघाले असते तर? सौंदर्याची उतरंड गीताने मोडलेली नाही, पिल्लाला तिच्यात वरची पायरी दिली आहे. गदिमांविषयीच्या आदराला या प्रश्नाने बाध येत नाही. अभ्यासकाने तो विचारलाच नाही, तर मुलांच्या भाषेत वर्णाविषयीचे पूर्वग्रह कसे रुजतात याचा एक मोठा पुरावा हातचा जातो.

'नाच रे मोरा' (चित्रपट 'देवबाप्पा', १९५३, संगीत पु. ल. देशपांडे) याविषयी वेगळे बोलावे लागेल. माणदेश पर्जन्यछायेचा, पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारा प्रदेश. तेथे वाढलेल्या कवीने पावसाचे गीत लिहावे, त्यात ढग पिंजलेल्या काळ्या कापसासारखा दिसावा, हे अर्थपूर्ण वाटते. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. गीतातले आंब्याचे वन माणदेशाचे म्हणता येत नाही, आणि प्रसंग चित्रपटाचा आहे. चरित्रावरून गीताचा अर्थ लावण्याचा मोह आवरून एवढेच म्हणावे, की कापूस पिंजण्याची ग्रामीण कृती आभाळाला लावणारी ही प्रतिमा मुलाला अलंकार म्हणून समजावून सांगावी लागत नाही.

अशा अभ्यासाला साधनांची वाण नाही. ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, मुद्रित पाठ उपलब्ध आहेत, आणि तिसरा पाठ अंगणवाड्यांतून रोज नव्याने तयार होत आहे. खटाव, आटपाडी आणि पलूस तालुक्यांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी हे तिन्ही पाठ शेजारी ठेवावेत. म्हणताना मुले कोणते कडवे गाळतात, कोणता अवघड शब्द बदलून घेतात, कवीचे नाव किती शिक्षकांना ठाऊक असते, याच्या नोंदी एका शैक्षणिक वर्षात होऊ शकतील. लघुप्रबंधासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार दरवर्षी कानी येते. हा विषय तर शाळेच्या ओसरीवर वाट पाहत बसला आहे.