वाटांवर वसलेलें गांव

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत राजधान्या असतात, लढाया असतात, तह असतात. लहान गांवें बहुधा नसतात. भूगोलाचें पुस्तकहि मोठ्या नद्या व मोठीं शहरें यांच्यापुढें फारसें जात नाहीं. त्यामुळें पानिपत कोठें आहे हें आमचे विद्यार्थी चटकन् सांगतात. परंतु आपण राहतों तें गांव नेमकें येथेंच कां वसलें, असें विचारलें कीं ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. ही उणीव क्षुल्लक नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. गांव कशामुळें वाढलें हें ज्यास ठाऊक नाहीं, तें कशामुळें खालावेल हेंहि त्यास कळावयाचें नाहीं.

घोटीचेंच उदाहरण घेऊं. कोंकणांतून थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढून आलेला प्रवासी इगतपुरीस पोहोंचतो. तेथून सुमारें दहा किलोमीटर पुढें आल्यावर डोंगर थोडे मागें सरतात, दारणेचें खोरें मोकळें होतें आणि भाताचीं आवणें दिसूं लागतात. येथेंच वाटा फुटतात. एक नाशिककडे जाते, दुसरी सिन्नरकडे, तिसरी वैतरणेच्या बाजूनें त्र्यंबकेश्वराकडे व चौथी बारीवरून भंडारदऱ्याकडे. दक्षिणेस १६४६ मीटर उंचीचें, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखर उभें आहे. घाट चढून दमलेल्या माणसानें व जनावरानें जेथें विसावा घ्यावा, आणि डोंगरांतल्या शेतकऱ्यानें जेथें आपला माल आणावा, असें हें ठिकाण आहे. कोणा राजानें हें गांव नांवारूपास आणलें नाहीं, वाटांनीं आणलें.

भोंवतालचीं गांवें याच्याशीं ताडून पाहावीं. सिन्नर हें देवगिरीपूर्वीं यादवांच्या राजधानीचें ठिकाण होतें. गोंदेश्वराचें मंदिर त्या वैभवाची साक्ष देत अद्यापि उभें आहे. त्र्यंबकास ज्योतिर्लिंगानें व गोदावरीच्या उगमानें मोठेपणा दिला. इगतपुरीस तो आगगाडीनें दिला. १८६५ सालीं थळघाटांतून रेल्वे सुरू झाली. त्या घाटांतील चढ सदतिसांस एक असा असल्यानें वर येणाऱ्या गाड्यांस जादा इंजिनें जोडावीं लागतात, व त्या कामाभोंवतीं इगतपुरीची वस्ती वाढली. कावनईचा किल्ला एके काळीं या मुलखावर नजर ठेवी. १८१८ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला आणि त्याचें महत्त्व संपलें. कोणास राज्यानें वाढविलें, कोणास क्षेत्रानें, कोणास यंत्रानें. घोटीस वाढविलें तें बाजारानें.

आणि तो बाजार मुख्यत्वें भाताचा. वैशाखांत राब भाजावा, पाऊस पडतांच रोप टाकावें, आषाढांत गुडघाभर चिखलांत उभें राहून आवणी करावी, दिवाळीच्या सुमारास सोंगणी करावी, मग झोडणी. आणि एवढ्या कष्टांनंतर तें भात घोटीच्या गिरण्यांत यावें, असा क्रम आहे. उतारावरच्या हलक्या जमिनींतून नागली व वरई येते. या मुलखाच्या पायगाड्या, बैलगाड्या, मालमोटारी सर्व घोटीकडे वळल्या, म्हणून घोटी पेठ झाली.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, जी वाट गांव वसविते तीच वाट तें उठवूंहि शकते. जुन्नरजवळच्या नाणेघाटांतून सातवाहनांच्या काळीं मोठा व्यापार चाले. आज तेथें शिलालेख आहेत, तांडे नाहींत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यांतून गेला आहे. त्याचा भरवीरपर्यंतचा टप्पा मे २०२३ मध्यें, इगतपुरीपर्यंतचा मार्च २०२४ मध्यें व पुढील आमणेपर्यंतचा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. हें काम मोठें आहे व त्याचा लाभहि मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु अशा मार्गाचा गुण म्हणजे न थांबतां जाणें. आणि बाजाराचा प्राण म्हणजे थांबणें. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न घोटीच्या पुढच्या पिढीस सोडवावयाचा आहे.

पाण्याचीहि कथा अशीच आहे. या तालुक्यांत पाणलोटाचा माथा आहे. एका अंगाचें पाणी वैतरणेंतून अरबी समुद्रास जातें, दुसऱ्या अंगाचें दारणेवाटे गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागराकडे निघतें. माणसानें दोन्हीकडे धरणें बांधलीं. नांदगांव येथील १९१६ सालीं पुरें झालेलें दारणा धरण कोपरगांव-राहात्याकडील ऊंस भिजवितें. ऊर्ध्व वैतरणेचें पाणी मुंबईची तहान भागवितें. इकडे मात्र धो धो पावसाच्या याच मुलखांतील पाडे चैत्र-वैशाखांत हंड्यांसाठीं पायपीट करतात. काळा पाषाण पाणी फारसें मुरूं देत नाहीं आणि उतार तें थांबूं देत नाहीं. म्हणजे पाणीहि येथून जातें आणि वाहनेंहि जातात. येथें काय राहावें, हें येथल्याच लोकांनीं ठरविलें पाहिजे.

कांहीं पालक म्हणतील, “परीक्षेंत घोटीवर प्रश्न येत नाहीं, मग हा खटाटोप कशाला?” त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, परीक्षा वर्षांतून एकदां होते, गांवाचा प्रश्न रोजचा असतो. बाजार कोठें भरावा, बंधारा कोठें घालावा, आवण विकावें कीं राखावें, हे निर्णय उद्यां हींच मुलें घेणार आहेत. तीं माहितीवांचून घेतलीं जाऊं नयेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वर्गानें वर्षाकाठीं एक वही भरावी. एकानें आजोबांस विचारून बाजाराच्या जुन्या वाटा लिहाव्या; दुसऱ्यानें आजीकडून भाताच्या जुन्या वाणांचीं नांवें घ्यावीं; तिसऱ्यानें आपल्या पाड्याच्या विहिरीस कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतें तें दरसाल टिपावें; चौथ्यानें ओढ्यांचा नकाशा काढावा. दहा वर्षांत अशा वह्यांतून घोटीचा जो इतिहास तयार होईल, तो कोणत्याहि ग्रंथालयांत मिळणार नाहीं. पालकांनीं एवढेंच करावें कीं, मूल प्रश्न घेऊन आलें असतां “कामांत आहें” असें म्हणून त्यास परत पाठवूं नये. त्यास हवें असलेलें उत्तर पुष्कळदां फक्त त्यांच्यापाशींच असतें.