कांच दुरुस्तीचा धंदा

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं रात्रीच्या पंक्तीला एक प्रश्न निघाला, आणि त्याचें उत्तर देण्यास घराला एक महिना लागला. धाकट्या बंधूंचा मुलगा यंत्रशाखेची पदविका घेऊन चार वर्षें मोटारींच्या एका कार्यशाळेंत नोकरीस होता. ताकभात कालवतां कालवतां तो म्हणाला, “नाना, मी नोकरी सोडणार आहें. मोटारींच्या पुढच्या कांचा दुरुस्त करण्याचा धंदा काढावा म्हणतों.”

पंक्ति क्षणभर स्तब्ध झाली. भावजयीनें हातांतलें पातेलें खालीं ठेविलें. “उद्यां सोयरिकीला गेलों तर मुलगा काय करतो म्हणून सांगायचें? कांचा सांधतो?” मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं एवढेंच विचारिलें, “फुटकी कांच घरांत ठेवूं नये म्हणतात, आणि हा तिच्यावरच पोट भरणार का रे?” आम्ही कांहीं बोललों नाहीं, परंतु खरें सांगावयाचें तर आम्हांसही तें रुचलें नव्हतें. सारा जन्म मुलांस रूपें आणि समास शिकविण्यांत गेला. आमच्या घरच्या मुलानें पेटी घेऊन परक्याच्या गाडीपुढें वांकावें, ही कल्पना मनास झोंबली.

शिवाय प्रश्न पैशाचाही होता. पश्चिमेकडील भिंत पावसाळ्यांत ओल धरते; तिच्या दुरुस्तीसाठीं समाईक ठेव राखून ठेवलेली आहे. त्या ठेवींतून त्याला एक लाख रुपये हवे होते.

दुसऱ्या दिवशीं त्यास एकीकडे बोलावून विचारिलें, “बरी नोकरी कां सोडतोस?” तो म्हणाला, “नाना, मसुरीच्या दाण्याएवढा टवका उडालेली गाडी येते. अर्ध्या तासांत ती कांच दुरुस्त होण्यासारखी असते. पण मला कागदावर ‘बदला’ असें लिहावयास सांगतात. दोनदां मी ‘दुरुस्त होईल’ असें लिहिलें. तिसऱ्यांदा लिहिशील तर घरीं जा, म्हणाले.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

मग हा विषय तरी काय आहे, हें त्याच्याकडूनच समजून घेतलें. मोटारीच्या बाजूच्या कांचा आणि पुढची कांच या दोन निरनिराळ्या जाती आहेत. बाजूची कांच तापवून एकदम थंड केलेली असते. ती फुटली कीं तिचा साबुदाण्यासारखा चुरा होतो, आणि त्यावर इलाज नाहीं. पुढची कांच मात्र दोन पातळ कांचांमध्यें सुमारें पाऊण मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते. दगड लागला तर बहुधा बाहेरचीच कांच दुखावते, पडदा आणि आंतली कांच शाबूत राहतात. दुरुस्ती शक्य होते ती यामुळेंच. या कांचेचा शोधही योगायोगाचा आहे. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून कांचेचा एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं. कारण पूर्वीं त्यांत ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर आंतून वाळून बसला होता. १९०९ सालीं त्यानें याचें पेटंट घेतलें. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमानें पुढची कांच अशी थरांचीच असावी लागते. ती सांधण्याची विद्या मात्र त्या मानानें नवी. १९७० नंतरच्या दशकांत ती अमेरिकेंत रूढ झाली.

हें सारें ऐकून आमचें मन थोडें निवळलें होतें. तोंच एक प्रसंग घडला. साताऱ्याहून पुण्यास परततांना खडीच्या एका ट्रकाचा दगड उडून आमच्याच गाडीच्या कांचेस चांदणीएवढा टवका उडाला. पुतण्या त्या दिवसांत परगांवीं होता. एवढ्याशा गोष्टीसाठीं त्यास काय कळवावयाचें, म्हणून आम्हीं पंधरा दिवस तिकडे लक्ष दिलें नाहीं. गाडीही दोनदां धुतली. एके दुपारीं गाडी उन्हांत तापली होती. आंत बसून आम्हीं थंड हवेचा झोत सुरू केला, आणि पाहतां पाहतां ती चांदणी कडेपर्यंत धांवली. वितीहून लांब रेघ झाली.

पुतण्या परत आला तेव्हां आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों, “घे, तुझें पहिलें गिऱ्हाईक घरचेंच!” त्यानें रेघ पाहिली, तिच्यावरून नख फिरविलें आणि मान हलविली. “नाना, हें आतां होणार नाहीं. त्याच दिवशीं सांगितलें असतें तर झालें असतें. आंत पाणी आणि धूळ गेली आहे, आणि भेग कडेला पोंचली आहे. आतां कांच बदलावी लागेल.” आम्ही किंचित् रागावूनच म्हणालों, “अरे, घरचीच गाडी आहे. भरून टाक. कोण पाहतो आहे?” तो हळूच म्हणाला, “नाना, त्या कांचेमागें आजी बसते.”

वाचकहो, जन्मभर मुलांची परीक्षा घेतली. त्या दिवशीं आमची परीक्षा झाली आणि आम्ही अनुत्तीर्ण झालों. पुढची कांच केवळ वारा अडविण्यासाठीं नसते. अपघातांत छपराला ती आधार देते, आणि शेजारच्या आसनापुढची एअरबॅग उघडतांना पुष्कळ गाड्यांत तिलाच टेकून फुगते. भेगाळलेली कांच वरवर भरून दिली असती, तर गिऱ्हाइकाचें समाधान झालें असतें आणि घात मात्र तसाच राहिला असता.

संस्कृत व्याकरणांत आदेश आणि आगम असे दोन प्रकार आहेत. आदेश मूळ वर्णास घालवून त्याच्या जागीं बसतो, म्हणून वैयाकरण त्यास शत्रूची उपमा देतात. आगम मूळ वर्णास धक्का न लावतां शेजारीं येऊन बसतो, म्हणून तो मित्र. कांच बदलणें हा आदेश, आणि राळ भरून सांधणें हा आगम. जेथें आगमानें काम भागतें तेथें आदेश करणारा लोभी, आणि जेथें आदेशच विहित आहे तेथें आगम करणारा धोकादायक. या धंद्याचें खरें भांडवल म्हणजे या दोहोंमधला विवेक. तो त्याच्यापाशीं आहे, हें त्या दिवशीं आम्हांस दिसलें.

या विवेकाला मापेंही आहेत. इंग्लंडांतील वाहनांच्या वार्षिक तपासणींत सुकाणूचक्रासमोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यांत १० मिलिमीटरहून मोठा, किंवा वायपर पुसतो त्या उरलेल्या भागांत ४० मिलिमीटरहून मोठा बिघाड असल्यास गाडी नापास होते. सांधलेल्या जागीं पुसटसा डाग राहतोच, आणि चालकाच्या थेट दृष्टीपुढें तोही नको. म्हणून तेथें अधिक कडक नियम. पुतण्यानें या मापांचा एक पारदर्शक कागद कापून पेटींत ठेविला आहे.

भंगारवाल्याकडून जुन्या कांचा आणून त्यानें पावसाळाभर पडवींत सराव केला. तो आम्हीं जवळ बसून पाहिला. प्रथम बारीक सुईनें टवक्यांतील कांचेचे सुटे कण काढावयाचे. मग रबरी वाट्यांनीं कांचेस घट्ट धरणारी चौकट बसवून तिची नळी बरोबर टवक्याच्या तोंडावर आणावयाची. आधीं भेगेंतील हवा ओढून घेतात, मग दाबानें पातळ राळ आंत सोडतात. भेगेंतली काळी छटा नाहींशी होईपर्यंत हें आळीपाळीनें चालतें. काळें दिसतें तेथें अजून हवा आहे असें समजावें. राळेचा वक्रीभवनांक कांचेच्या जवळपास, म्हणजे सुमारें १.५ असतो, म्हणून भरलेली भेग डोळ्यांस दिसेनाशी होते. मग अतिनील किरणांचा दिवा कांहीं मिनिटें धरला कीं राळ घट्ट होते. उन्हांतही हे किरण असतात, म्हणून काम सावलींतच करावें लागतें. पावसाळ्यांत भेगेंतील ओल आधीं वाळवावी लागते. घाईच्या माणसाचें हें काम नव्हे.

पैशाचा हिशेबही सांगितला पाहिजे. मोटारीच्या विम्यांत वर्षभर मागणी केली नाहीं तर पुढील वर्षीं स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत सूट मिळते. ती २० टक्क्यांपासून पायरीपायरीनें ५० टक्क्यांपर्यंत जाते. समजा, तो हप्ता आठ हजार असेल, तर चार हजारांची सूट झाली. कांचेसाठीं मागणी केली कीं ही सूट बहुधा जाते. कांहीं विम्यांत दुरुस्तीपुरती सवलत असते, म्हणून विम्याचा कागद आधीं वाचावा. शिवाय नव्या गाड्यांत कांचेमागें कॅमेरा असेल, तर कांच बदलल्यावर तोही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अशा वेळीं थोडक्या पैशांत टवका भरून देणारा मनुष्य गिऱ्हाइकास परवडतो, आणि या मनुष्याचेंही पोट भरतें. त्याला दुकान लागत नाहीं. पेटी दुचाकीवर मावते.

आतां भावजयीच्या प्रश्नाकडे वळतों. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. १८८८ सालीं बेळगांवास त्यांनीं सायकलींचें दुकान काढिलें. १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे त्या काळीं लोक कोणत्या दृष्टीनें पाहत असतील, याची कल्पना भावजयीस दिली. ती म्हणाली, “ते मोठे झाले म्हणून तुम्ही त्यांचें नांव घेतां.” तिचें म्हणणें खोटें नव्हे. सर्वच मोठे होत नाहींत. परंतु नोकरींत राहून खोटा शेरा लिहिणारा मुलगाही मोठा होत नाहीं, हें आम्हीं तिला सांगितलें, आणि त्यावर ती कांहीं बोलली नाहीं.

शेवटीं ठरलें तें असें. ठेवींतून एक लाख रुपये द्यावयाचे, पण देणगी म्हणून नव्हे. बिनव्याजी, परंतु लेखी कर्ज. आणखी पन्नास हजार त्यानें मुद्रा योजनेच्या शिशु गटांतून बँकेकडून काढिले. त्यास तारण लागत नाहीं. उद्यम नोंदणी विनामूल्य होते, तरी तिच्यासाठीं पैसे मागणारे मध्यस्थ भेटतात. त्यांस दारांतूनच परत पाठवावें. भिंतीचें काम एक वर्ष पुढें ढकललें. आणि आम्हीं एक अट घातली: जमाखर्चाच्या वहीशेजारीं दुसरी एक वही ठेवावयाची, आणि ज्या कांचेस नकार दिला तिची तारीख, माप व कारण तींत लिहावयाचें.

विजयादशमीस धंदा सुरू झाला. कार्तिकाच्या अखेरीस दोन्ही वह्या त्यानें आमच्यापुढें ठेविल्या. पहिलींत सव्वीस कामें होतीं. दुसरींत पंधरा नकार. नकारांच्या वहींत पहिलीच नोंद आमच्या गाडीची होती. कारणाच्या रकान्यांत लिहिलें होतें: “मालकानें उशीर केला.”

तात्पर्य, वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं टवका उडतांच त्याच दिवशीं त्यावर स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी लावावी, गाडी धुऊं नये, तापलेल्या कांचेवर थंड झोत सोडूं नये, आणि जाणकारास लौकर दाखवावें. आणि ज्यांच्या घरीं असा मुलगा आहे त्यांनीं त्याचा धंदा कोणता हें विचारण्याआधीं तो ‘नाहीं’ केव्हां म्हणतो तें पाहावें.

मातोश्रींस अजूनही फुटकी कांच घरांत चालत नाहीं. म्हणून सरावाच्या कांचा आतां पडवींतून निघून अंगणांत गेल्या आहेत. परवां मात्र त्या स्वतःच एका शेजारणीस सांगत होत्या, “आमचा नातू कांच सांधतो. सांधण्यासारखी असेल तरच हं.”