चिमणीतून जाणारा नफा

‘एम्मा मर्स्क’ हे कंटेनर जहाज 2006 साली सेवेत आले. त्याचे टू-स्ट्रोक डिझेल इंजिन 14 सिलिंडरचे आणि सुमारे 2,300 टन वजनाचे. स्ट्रोक अडीच मीटरचा, शक्ती 80,000 किलोवॅट, फेरे मात्र मिनिटाला 102. या वर्गातली इंजिने तेलातली जवळजवळ निम्मी उष्णता शाफ्टवर आणतात. डिझेल इंजिनासाठी ही कमाल आहे.

जालन्याच्या रोलिंग मिलवाल्यांनी पाहावे ते उरलेल्या निम्म्या उष्णतेकडे. सिलिंडरमधून निघालेला धूर आधी टर्बोचार्जर फिरवतो. तिथून तो अडीचशे अंशांच्या आसपास बाहेर पडतो, तरी त्याला सोडत नाहीत. त्याच्यावर वाफ करतात आणि त्या वाफेने घट्ट तेल पातळ करतात. सिलिंडर थंड करून आलेल्या गरम पाण्यावर समुद्राचे पाणी गोडे करतात. मोठ्या जहाजांवर याच धुरातून वीजही काढतात. तेलातल्या गंधकाचे आम्ल नळ्यांवर जमू नये, एवढ्यासाठीच धूर फार थंड होऊ देत नाहीत. फर्नेस ऑइल जाळणाऱ्यांनी ही खबरदारी लक्षात ठेवावी.

आता आपली रिहीटिंग फर्नेस पाहू. बिलेट 1,100 ते 1,200 अंशांपर्यंत तापवायचा असतो. धुराच्या उष्णतेवर ज्वलनाची हवा तापवणारा रेक्युपरेटर नसला, किंवा त्याच्या नळ्या गळक्या असल्या, तर सहा-सातशे अंशांचा धूर सरळ चिमणीत जातो. जहाजवाले ज्या तापमानाचा धूर वापरायला घेतात, त्याच्या दुपटीहून गरम धूर आपण फेकून देतो! ज्वलनाची हवा 20 अंशांनी जास्त तापवली की इंधन साधारण 1 टक्का वाचते, हा ऊर्जा-लेखापरीक्षकांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे हवा दोनशे अंशांनी तापवली तर दहा टक्के. त्याहून सरस उपाय हॉट चार्जिंगचा. सीसीएममधून, म्हणजे सतत ओतकाम करणाऱ्या यंत्रातून, निघालेला बिलेट लाल असतानाच मिलमध्ये घेतला, तर पुन्हा तापवण्याचा बहुतेक खर्चच उरत नाही.

वीजदरातल्या सवलतीसाठी मराठवाड्यातल्या उद्योगांनी भांडलेच पाहिजे. पण तो निर्णय मुंबईत होतो. चिमणी मात्र आपल्याच आवारात आहे.

जहाजावर प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान नियमित नोंदले जाते. आपणही रेक्युपरेटरच्या आधी आणि नंतर थर्मोकपल बसवावेत, दर पाळीत नोंद ठेवावी आणि महिन्याचे आकडे आमच्याकडे पाठवावेत. कारखान्याचे नाव न देता आम्ही ते छापू.